कोरोवाईंच्या जंगलात जाताना

इंडोनेशियाच्या पापुआत, झाडांवर घरं बांधणाऱ्या कोरोवाई लोकांच्या जंगलाकडे मी देकाई गावाहून निघाले. तिथल्या धावपट्टीबाहेर वाटाड्याने माझी पिशवी उचलण्याआधी पहिला प्रश्न टाकला, "मामा, बातुक?" बातुक म्हणजे खोकला. तिकडे माझ्या वयाच्या बाईला सगळे मामाच म्हणतात. खोकला होता, साधा, कोरडा, तीन विमानं बदलल्याचा. त्याने शांतपणे मला गावातल्या लॉसमेनमध्ये, म्हणजे साध्या मुक्कामघरात, नेऊन बसवलं आणि खोकला थांबेपर्यंत नाव सुटणार नाही म्हणाला. दोन दिवस गेले. मी चिडले होते. त्याच वर्षी, 2018 च्या जानेवारीपर्यंतच्या काही महिन्यांत, शेजारच्या अस्मात जिल्ह्यात गोवर आणि कुपोषणाने 70 च्या आसपास मुलं दगावली होती. ती बातमी मी वाचली होती. पण बातमीतलं आणि माझ्या घशातलं यांचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणून पहिली तयारी घरीच: गोवराची लस झाली आहे का ते बघा, आणि सर्दी-खोकला असेल तर सरळ थांबा. त्यासाठी चार दिवस जास्तीचे ठेवा. विमान रद्द झालं तर तेच दिवस तिथेही कामी येतील.

आता कागद. इंडोनेशियात उतरल्यावर मिळणारा व्हिसा, 30 दिवसांचा, 5,00,000 रुपयाचा (त्यांचा रुपिया, घाबरू नका), पापुआच्या आतल्या भागासाठी पुरत नाही. पोलिसांकडून 'सुरात जालान' काढावं लागतं, म्हणजे प्रवासाचा परवाना. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, फोटो, आणि कुठे कुठे जाणार त्याची यादी. इथेच लोक चुकतात. कोरोवाईंचा मुलूख एका जिल्ह्यात मावत नाही. याहुकिमो, अस्मात, बोव्हेन दिगुल असे जिल्हे तिथे एकमेकांना टेकतात, आणि 2022 मध्ये पापुआचे नवे प्रांत झाल्यापासून हे जिल्हे दोन वेगळ्या प्रांतांत गेले आहेत. वाटाड्याला नकाशावर बोट ठेवून विचारा आणि पाय लागेल तो प्रत्येक जिल्हा परवान्यावर लिहून घ्या. दहा-बारा प्रती जवळ ठेवा. जिथे पोलीस चौकी, तिथे एक प्रत द्यायची, हसायचं, बसायचं.

जाऊ की नको, हा प्रश्न मी गेले तेव्हापेक्षा आज मोठा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये शेजारच्या न्दुगा जिल्ह्यात न्यूझीलंडच्या एका वैमानिकाचं अपहरण झालं, तो सुटला सप्टेंबर 2024 मध्ये. एप्रिल 2025 मध्ये याहुकिमोत सोनं धुणाऱ्या लोकांवर सशस्त्र हल्ले झाले, माणसं मेली. देकाई हे याच याहुकिमोचं मुख्य ठिकाण. त्या महिन्यातली परिस्थिती विचारा, आणि स्थानिक माणूस 'आत्ता नको' म्हणाला तर हट्ट करू नका. राजकारणावर बोलू नका, पहाटताऱ्याचा झेंडा (पापुआच्या स्वातंत्र्य चळवळीचा) असलेली पिशवी किंवा टोपी बाजारात कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, ड्रोन घरी ठेवा.

पैसे रोख, आणि सुटे. देकाईच्या पुढे कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. मी 1,00,000 च्या करकरीत नोटांची गड्डी घेऊन गेले आणि पहिल्याच मुक्कामाला अडकले, कारण मोड द्यायला जंगलात कोणाकडे काय असणार? 10,000, 20,000 आणि 50,000 च्या नोटा घ्या, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा असतो, कारण नाव मोटारीवर चालते आणि पाणी कमी असेल तर ओंडके चुकवत वेळ दुप्पट लागतो.

जंगलात सरकारी जमीन, मोकळी जमीन असं काही धरून चालू नका. प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या घराण्याचा ठरलेला आहे. कुठल्या ओढ्यापर्यंत कोणाचं, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून हद्द आली की आपण थांबायचं, वाटाडा पुढे जाऊन बोलणार, आपण तासभर मुंग्या झटकत बसणार. ओझं वाहणारी माणसंही तिथे बदलू शकतात. 'आधीचीच बरी होती' असं तोंडातून काढू नका. ज्याची जमीन, त्याला काम मिळायला हवं. मजुरी वाटाड्याच्या हातात एकगठ्ठा न देता प्रत्येकाच्या हातात, सगळ्यांसमोर द्या. बायकांनाही, साबूचं पीठ काढून खाऊ घालणारं कोण असतं, ते बघा म्हणजे कळेल.

त्याबद्दल थोडं. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. तिथला साबू म्हणजे खरंच झाडाच्या खोडातला गर: ताड पाडायचा, गर कुटायचा, पाण्याने धुऊन पीठ खाली बसू द्यायचं. विस्तवात भाजलेला गोळा दाताला चिकटतो आणि चव अशी काही नसते. दुसऱ्या दिवशीपासून मीठ लावून खायला लागले. पाडून ठेवलेल्या खोडात काही आठवड्यांनी अळ्या धरतात, त्या मेजवानीच्या. मी एक खाल्ली, भाजलेली. खोबरेल तेलात बुडवलेल्या काजूसारखी लागली. नको असेल तर हात छातीशी नेऊन नाही म्हणा, तोंड वाकडं करू नका. शाकाहारी असाल तर डाळ आणि तांदूळ सोबत घ्या, आणि सगळ्यांना पुरेल इतकं घ्या, कारण एकट्याने खाणं तिथे फार वाईट दिसतं.

पायात गमबूट. माझे महागडे ट्रेकिंगचे बूट पहिल्या दलदलीत मेले. देकाईच्या बाजारातल्या रबरी बुटांनी तारलं. वाट म्हणजे बहुतेकदा आडवे पडलेले ओंडके, शेवाळलेले, खाली गुडघाभर ते कमरेभर चिखल. काठी मागून घ्या, ते दोन मिनिटांत कापून देतात. पाऊस बारमाही, त्यामुळे कोरडं असं काही उरत नाही. मोज्यांचा एक जोड फक्त रात्रीसाठी, तिहेरी पिशवीत, आणि तो दिवसा घालायचा मोह टाळा. पायाची बुरशी मला परतल्यावर दोन महिने पुरली.

झाडावरची घरं. साधारण 8 ते 12 मीटरवर, खाचा पाडलेल्या एकाच वाशावरून चढायचं. आत चूल वेतावर टांगलेली असते; पेटली तर वेत तोडून खाली सोडून देतात. उंच, ढगांत गेलेलं घर दाखवा असा आग्रह धरू नका. तसं घर ते तुमच्यासाठी बांधतीलही, पण त्यात कोणी राहत नाही. 2018 मध्येच एका ब्रिटिश वाहिनीने कबूल केलं होतं की तिच्या मालिकेतलं तसं एक घर चित्रीकरणासाठीच बांधून घेतलं होतं. कित्येक कुटुंबं आज नदीकाठच्या गावात, जमिनीवरच्या घरात असतात. आमच्या पुढे गेलेल्या एका गटाने टी-शर्टातल्या पोरांना कपडे उतरवायला सांगून फोटो काढले; ती पोरं नंतर मला बघूनच टी-शर्टाच्या कडेला हात घालू लागली. मी कॅमेरा बंद केला, तर तेही त्यांना नीट कळेना. नरभक्षणाचे प्रश्न विचारूच नका. बाहेरच्यांना जे ऐकायचं असतं ते सांगायला वाटाडे शिकलेत, आणि बाहेरच्याला त्यांच्या भाषेत 'लालेओ', म्हणजे भूत, म्हणतात.

हिवताप मात्र खरा. पापुआत तो इंडोनेशियात सगळ्यात जास्त. जाण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी, आणि जी-सिक्स-पीडीची तपासणी (रक्तपेशींतल्या या विकराची कमतरता आहे का, ते बघायला). कारण व्हायव्हॅक्स हा हिवतापाचा एक प्रकार यकृतात दडून राहतो आणि त्यावरची प्रायमाक्विन गोळी ती कमतरता असणाऱ्याला घातक ठरू शकते. मला सहा आठवड्यांनी ताप आला. दवाखान्यात फ्लू सांगितला. मी 'पापुआ' म्हटलं, तर समोरच्याला आफ्रिकेतला देश वाटला. रक्त तपासा म्हणून मलाच दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात सापडला.