सिंक साउंडच्या सेटवर साउंड असिस्टंट म्हणून जाताय? मग हे वाचून जा

सिंक साउंड म्हणजे शूटिंग चालू असतानाच सेटवर आवाज रेकॉर्ड करणं. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला मिळेल म्हणून खुश असाल तर आधीच सांगतो, सुरुवातीचे बरेच दिवस तुमच्या हातात बूम नसणार, सेल, टेप आणि केबल असणार. रेकॉर्डिस्ट हेडफोन लावून मिक्सरवर बसतो, बूम ऑपरेटर शॉट चालू असताना बूम धरून उभा असतो, त्या दोघांना जागेवरून हलता येत नाही म्हणून बाकीचं सगळं धावपळीचं काम आपलं.

कॉल टाइमच्या आधी पोचा. आर्टिस्टच्या माइकचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या सगळ्या ट्रान्समीटरमध्ये नवे सेल घाला, लंच ब्रेकला परत बदला, "अजून दोन काड्या दाखवतोय" म्हणून सोडलात की नेमका इमोशनल सीनमध्येच तो बंद पडतो. कॅमेरा असिस्टंटला फ्रेम रेट विचारून घ्या, 24 की 25, आणि टाइमकोड (कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांचं एकच घड्याळ) जुळवून ठेवा. रेकॉर्डिंग साधारण 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर असतं.

मग लोकेशनवर जाऊन दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं उभं राहा. फॅन, एसी, ट्यूबलाइटचा चोक, पाण्याची मोटर, शेजारच्यांचा मिक्सर, सगळं तेव्हाच ऐकू येतं. बंद करायला सांगताना गोड बोला, आपण त्यांच्या घरात आहोत. आणि फ्रिज बंद केलात तर स्वतःच्या बाइकची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो उघडल्याशिवाय घरीच जाता येणार नाही. ही ट्रिक मी उशिरा शिकलो, तोवर एका काकूंचं दोन लिटर दूध आणि पापलेट माझ्यामुळे गेलं होतं, काकू अजून बोलत नाहीत.

आता खरं डोकं खाणारं काम, लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक. तो साधारण छातीच्या मध्यावर, हनुवटीच्या वीतभर खाली. कपडा माइकवर घासू नये म्हणून टेपची त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, माइक दोन घड्यांच्या मध्ये बसवायचा, एक बाजू कपड्याला आणि दुसरी अंगाला किंवा आतल्या कपड्याला चिकटते. वायरला एक छोटा वेढा ठेवा, ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. सुती कपडा बरा, पण कडक स्टार्चचा कुर्ता आणि पैठणी म्हणजे नुसती खसखस. नऊवारीत कासोटा मागे खोचलेला असतो, तिथे ट्रान्समीटर ठेवला तर फुगा दिसतो, म्हणून तो पट्ट्याने मांडीला बांधायचा. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर टकटक करतात, त्यांना मागून डबल टेपचा छोटा तुकडा लावा. क्लोजअपमध्ये हात दिसत नसतील तर बांगड्या काढायला सांगा, पण आधी कंटिन्युइटीवाल्याला (एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत सगळं सारखं दिसतंय का ते बघणाऱ्याला) विचारून, नाहीतर तुमचीच पूजा होईल.

लेपल लावताना आर्टिस्टला आधी विचारायचं, "ताई, माइक लावू का?", आणि बाईमाणसाला लावायचा असेल तर कॉश्च्युमच्या ताईंना सोबत घ्या किंवा त्यांनाच लावू द्या. माइक चालू असताना आर्टिस्ट व्हॅनमध्ये काय बोलले ते कानावर पडलं तरी पोटातच ठेवायचं.

कधी बूम हातात आलाच तर अंगठी, घड्याळ काढा, कॅमेरामनला फ्रेम वर कुठपर्यंत आहे ते विचारा आणि की लाइटच्या (सीनच्या मुख्य लाइटच्या) समोरच्या बाजूने या, नाहीतर भिंतीवर माइकची सावली नाचते. डायलॉग पाठ असले पाहिजेत, कारण पुढचा कोण बोलणार हे माहीत नसेल तर माइक नेहमी अर्धं वाक्य उशिरा पोचतो.

लोकेशन सोडायच्या आधी रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांत आवाज, घ्या, अर्धा ते एक मिनिट, सगळे जागच्या जागी गप्प. लाइटदादा सामान आवरायला लागलेले असतात, एडी (असिस्टंट डायरेक्टर) घड्याळ बघत असतो, सगळे वैतागतात, वैतागू द्या. विमानाने एखादी ओळ खाल्ली असेल तर आर्टिस्ट मेकअप पुसायच्या आत तिथेच वाइल्ड, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज, घ्या, तोच मूड नंतर डबिंगमध्ये मिळत नाही.

पॅकअपला लेपल मोजूनच पेटी बंद करा. एखादा हमखास कुणाच्या तरी ब्लाउजला लटकून घरी निघालेला असतो.