जतन केलेले सर्च हलवायचे आहेत?

इंग्लंडमधल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टर-नर्सेसना आणि ग्रंथपालांना मेडलाइन, एम्बेस, सिनाल वगैरे वैद्यकीय लेखांचे डेटाबेस एकाच ठिकाणी शोधता यायचे. नाइस या तिथल्या आरोग्यविषयक संस्थेची ती एचडीएएस नावाची शोधसेवा ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. डेटाबेस कुठे गेले नाहीत, ओव्हिड, एब्स्को, प्रोक्वेस्ट या दुसऱ्या शोधसेवांवर ते मिळत राहिले. अडलं ते जतन केलेल्या सर्चपाशी, म्हणजे पुन्हा चालवता यावेत म्हणून साठवलेल्या शोधाच्या ओळींपाशी, कारण ते आपोआप पलीकडे जाणार नव्हते. अशी बंद होण्याची नोटीस कुठल्याही सेवेची येऊ शकते.

आली की आधी चाळणी लावा. सगळंच वाचवायच्या फंदात पडू नका. चालू असलेल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचे (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर गोळा करून घेतलेला आढावा) आणि नव्या लेखांसाठी ईमेल अलर्ट लावलेले सर्च आधी घ्या. त्यांची ओळ न् ओळ क्रमांकासकट वर्ड फाइलमध्ये उतरवा, कारण शेवटची ओळ नुसती ‘३ अँड ७’, म्हणजे तिसरी आणि सातवी ओळ एकत्र, अशी असते. वरच्या ओळी गेल्या तर तिला काडीचा अर्थ नाही. शेजारी डेटाबेसचं नाव, तारीख, प्रत्येक ओळीचे निकाल आणि वय-भाषा-वर्षाच्या मर्यादा लिहा. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, पुढे सगळं हाताने टाइप करावं लागेल.

खरा वेळ जातो तो नव्या जागी सर्च पुन्हा लिहिण्यात. ‘ट्यूमर’चंच बघा. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये त्यात एक ‘यू’ जादा असतो. ओव्हिडमध्ये त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं की दोन्ही स्पेलिंगं सापडतात. एब्स्कोत ते काम हॅश करतो आणि प्रश्नचिन्हाला तिथे एक अक्षर लागतंच. म्हणजे ओव्हिडची जुनी ओळ एब्स्कोत तशीच चिकटवली तर ‘यू’ नसलेले अमेरिकी लेख गळतात, आणि एररही येत नाही. लेखांना डेटाबेसने लावलेल्या ठरावीक विषयशीर्षकांचं तेच: मेडलाइनमधलं ‘ब्रेस्ट निओप्लाझम्स’ एम्बेसमध्ये तसंच टाकू नका, एमट्रीत, म्हणजे एम्बेसच्या शीर्षकांच्या यादीत, ‘ब्रेस्ट कॅन्सर’, ‘ब्रेस्ट ट्यूमर’ अशी शीर्षकं आहेत.

जुनी सेवा चालू आहे तोवरच नवा सर्च चालवून बघा. आकडे तंतोतंत जुळायचा हट्ट नको, पण यायलाच हवेत असे चार-पाच लेख आधीच ठरवून ठेवा. त्यातला एक जरी आला नाही तरी ओळी तपासा. अलर्ट नव्याने लावा. बंद पडलेला अलर्ट तसं कळवत नाही. मेल आली नाही की नवं काही छापलंच नाही असं वाटत राहतं.

विभागाचा एखादा सर्च नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या खात्यात अडकलाय का, तेही विचारा. तो उतरवायला लॉगिन त्यांचंच लागणार, तेव्हा त्यांना फोन सगळ्यात आधी.