नवा स्टिरिओ, उतरलेली बॅटरी : वायरिंगमधला दोष शोधायला शिकताना

गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवायचं काम शिकायला लागून चार महिने झाले होते, तेव्हा वस्तादांनी पहिल्यांदा एक अख्खी गाडी माझ्यावर सोपवली. जुना डेक काढला, नवा टचस्क्रीनचा बसवला, आवाज छान आला, गाडीवाले समाधानाने घेऊन गेले. मधले दोन दिवस गाडी उभीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला : सेल्फ लागत नाही. बॅटरी जुनी झाली असेल, असं मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून नवी बॅटरी घेतली. आठवडा संपायच्या आत तीही उतरली.

दोष माझ्या जोडणीत होता. न मोजता दिलेल्या माझ्या उत्तराचा भुर्दंड दुसऱ्याला पडला, हे मला फार लागलं. नव्या बॅटरीचे पैसे मी त्यांना परत केले. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय ते त्या गाडीमुळेच.

नव्या डेकच्या मागे वायरींचा जुडगा असतो, त्यातले रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी म्हणजे डायरेक्ट करंट, गाडी बंद असतानाही चालू राहणारा. घड्याळ आणि स्टेशनं त्यावर लक्षात राहतात. लाल म्हणजे चावीचा करंट. काळी बॉडी अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या धातूच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी बाहेरचा अँप्लिफायर जागा करण्यासाठी, नारिंगी डॅशच्या दिव्यांसाठी. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या जोड्या. काळ्या पट्टीची त्यातली मायनस. हे सगळं डेकच्या बाजूला खरं आहे. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यांच्यावर विसंबायचं नाही. कपलर, म्हणजे वायरींचा जुडगा जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग, सारखा दिसला तरीही नाही. आयएसओ कपलरच्या (अनेक कंपन्या वापरतात तो ठरावीक मापाचा कपलर) करंटवाल्या भागात ४ नंबरची पिन डायरेक्ट, ७ नंबरची चावीची आणि ८ नंबरची अर्थ असते. पण फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांमध्ये ४ आणि ७ यांची अदलाबदल असते. तिथे कपलर व्यवस्थित बसतो, डेक वाजतो, आणि चावी काढली की सगळी सेटिंग पुसली जाते. त्यामुळे डेकच्या वायरींवर पिवळ्या-लालची अदलाबदल करायला दोन जोड दिलेले असतात.

त्या पहिल्या गाडीत मला चावीचा करंट सापडला नव्हता. म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून मी डायरेक्टवर दिली. गाडीवाले बटण दाबून स्क्रीन काळा करायचे, पण आतला डेक जागाच राहायचा. वस्तादांनी मीटर हातात दिला आणि म्हणाले, "वायरीकडे नुसतं बघून काय कळणार? मोज." मीटरवर आले ०.६ अँपिअर. आकडा लहान वाटतो, पण चोवीस तासांत तो १४ अँपिअर-अवरच्या (अँपिअर गुणिले तास) वर जातो. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी. मी आधी हिशेब केला असता तर तिसऱ्या सकाळचा फोन मला आदल्या रात्रीच दिसला असता.

असा चोरटा करंट मोजायची रीत नीट शिकून घ्या, कारण घाई केली की मीटर हमखास चुकीचं सांगतो. आधी बॅटरीचे व्होल्ट बघा. गाडी काही तास उभी असेल तर भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ येतात, निम्मी उतरली असेल तर १२.२ च्या आसपास. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दरम्यान दिसले म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) चार्ज करतोय. हे दोन्ही ठीक असेल तरच पुढे जा. मग मीटर १० अँपिअरच्या रेंजवर घ्या, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा. आता दार उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही, आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल. दार उघडं ठेवणं भाग असेल तर कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने आधीच बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागलेलंच वाटेल.

सुरुवातीला दोन-तीन अँपिअरही दिसतील. घाबरू नका. आजच्या गाड्यांतले मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळी कामं सांभाळणारे छोटे संगणक, झोपायला वेळ घेतात. काही गाड्या वीस मिनिटांत शांत होतात, काहींना पाऊण तास लागतो. झोपलेल्या गाडीत आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. आला नाही तर एकेक फ्यूज काढून बघायची पद्धत आहे, पण फ्यूज परत लावला की त्यावरचं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा वाट बघत बसावं लागतं. मी फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजतो. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. आकडा दिसला तर तिथून काहीतरी जातंय, त्या वायरीचा माग काढायचा.

त्या गाडीत शेवटी चावीवर चालू होणारा एक फ्यूज शोधला, त्यावरून वेगळा फ्यूज टाकून लाल वायरीला करंट दिला. अर्धा तास थांबल्यावर मीटरवर २८ मिलिअँपिअर आले.

नव्या माणसाला मीटर आणखी एका ठिकाणी फसवतो. वायरीच्या दहा तारांपैकी नऊ तुटल्या असतील तरी उरलेल्या एका तारेवर मीटर छान १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. डेक लावला की तेच व्होल्ट घसरू शकतात आणि डेक चालू-बंद होत राहतो. म्हणून करंटच्या मुख्य वायरी टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायरी जोडलेल्या साध्या बल्बने, तपासा. पाच वॉटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. तो पूर्ण उजेडात पेटला तर वायरीत दम आहे. मात्र हा बल्ब मॉड्यूलच्या सिग्नल वायरींवर लावायचा नाही. आणि पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळं आवरण असलेल्या एअरबॅगच्या वायरींना बल्ब नाही, मीटर नाही, काहीच लावायचं नाही. डॅश उघडण्याआधी बॅटरीचं मायनस काढा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा. पॅनल सुटं असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, नंतर स्कॅनर लावूनच तो घालवावा लागतो. मायनस काढण्यापूर्वी जुन्या डेकला कोड लागतो का, हेही विचारून घ्या.

आता अर्थिंग. माझ्या अनुभवात स्टिरिओच्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त वेळ हीच खाते, कारण सगळे प्लसच्या मागे लागतात आणि करंट परत कुठून जातोय हे कोणी पाहत नाही. एका गाडीत आवाज वाढवला की स्क्रीन मंद व्हायचा, आणि इंजिनाचे फेरे वाढले की स्पीकरमधली शिट्टीही तशीच चढत जायची. मी अँप्लिफायर बदलून पाहिला, आरसीए केबल (डेककडून अँप्लिफायरकडे आवाज नेणारी) बदलली, काही फरक पडला नाही. मग डेकच्या धातूच्या डब्यावर एक प्रोब आणि बॅटरीच्या मायनसवर दुसरा ठेवून, गाणं मोठ्याने चालू असताना व्होल्ट मोजले : ०.९. तिथे ०.१ पेक्षा जास्त दिसायला नको. अर्थची वायर एका रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली होती. रंगातून करंट जाईना, म्हणून तो अँटेनाच्या आणि आरसीए केबलच्या जाळीतून वाट काढत होता, आणि येताना अल्टरनेटरचा आवाज घेऊन येत होता. रंग खरवडून धातू उघडा केला, रिंग टर्मिनल दाबून बसवलं. मीटरवर ०.०४ आले आणि शिट्टी गेली.

शिट्टी तरीही राहिली तर अँप्लिफायर बंद करा, त्याच्याकडची आरसीए काढा, मग चालू करा. आवाज गेला तर गडबड केबलमध्ये किंवा डेकच्या बाजूला आहे. राहिला तर अँप्लिफायरच्या करंटमध्ये किंवा अर्थमध्ये. आरसीए आणि करंटची जाड केबल गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. चालू डेकची आरसीए पिन प्लसला घासू देऊ नका. आतला अर्थचा बारीक मार्ग एका ठिणगीत जळतो, आणि मग चांगला डेकही कायमचा शिट्टी मारायला लागतो.

स्पीकरच्या वायरींबद्दल मनात एक गोष्ट पक्की करा : आजच्या डेकमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नाही. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक जरी बॉडीला टेकली तरी डेक आवाज बंद करून स्वतःला वाचवतो, किंवा आतली अँप्लिफायरची चिप जाते. एकदा एका गाडीत दार लावलं की सगळीकडचा आवाज जायचा आणि उघडलं की यायचा. बिजागराजवळच्या रबरी नळीत वायर सोलली गेली होती. तपासताना डेकचा कपलर काढा, प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात मीटर ओहमवर ठेवून बघा; कुठेही जोड दिसता कामा नये. जोडीच्या दोन टोकांत चार ओहमच्या स्पीकरला तीन ते चार ओहम यायला हवेत.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा मोह होतो. डब्यावर '५० वॉट × ४' लिहिलेलं पाहून दहाचा फ्यूज कमी पडत असेल असं वाटतं. हिशेब करा : १४.४ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १४४ वॉट, त्यातलेही काही उष्णतेत जातात. २०० वॉट त्यातून सतत निघूच शकत नाहीत. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. लाल दहाच्या जागी पिवळा वीसचा टाकला तर पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूज राहील आणि डॅशच्या आतली वायर वितळेल, आगही लागू शकते. मला वस्तादांनी दाखवलेली युक्ती करा : उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक कपलर काढत जा. ज्या कपलरवर बल्ब विझला, त्याच्या पुढे दोष.

बाकीच्या तक्रारी लवकर सुटतात. रेडिओ खरखरतोय तर अँटेनाच्या बूस्टरला निळ्या वायरीवरून १२ व्होल्ट मिळतात का बघा. जुन्या डेकच्या काळात ते अँटेनाच्या केबलमधूनच जात असतील तर वेगळा अडॅप्टर लागतो. सेल्फ मारताना स्क्रीन क्षणभर गेला तर काळजी नको, पुष्कळ गाड्या त्या वेळी चावीचा करंट तोडतात. नारिंगी वायर डिमरच्या चुकीच्या बाजूला गेली की डॅशचे दिवे विचित्र वागतात. खात्री नसेल तर ती टेप लावून मोकळी सोडा. काही नव्या गाड्यांत डेकमागे चावीचा करंटच नसतो, तो संदेश कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या, दोन पिळलेल्या वायरींतून येतो. तिथे वायर सोलून प्रयोग करू नका, त्या गाडीचा अडॅप्टर आणा.

जोड पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. डॅशमधल्या उष्णतेत तिचा चिकटपणा जातो. क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून बसवा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, ओढून बघा. डॅश बंद करण्याआधी आवाज चालू ठेवून चारही दारं उघडा-लावा, हेडलाइट लावा, रिव्हर्स टाका, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा.

शिवाय मी डेकच्या मागे एक चिठ्ठी ठेवतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत : कोणती वायर कुठून घेतली, किती अँपिअरचा फ्यूज, काम संपताना किती मिलिअँपिअर होते. गेल्या वर्षी एक गाडी आली, डेक अचानक मेलेला. बाहेर काढला तर मागे माझ्याच अक्षरातली चिठ्ठी : 'लाल – लायटर सॉकेटच्या फ्यूजवरून.' गाडीवाल्या ताईंना विचारलं, सॉकेटमध्ये काही लावलं होतं का. आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला होता. फ्यूज उडालेला होता. तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकला, आणि लाल वायर दुसऱ्या फ्यूजवर नेऊन चिठ्ठीवर नवी ओळ लिहिली.