स्वस्त फिल्म कॅमेरा निवडताना: नाव नंतर, अवस्था आधी

३५ मिलिमीटर फिल्मचा, छोट्या पिशवीत मावणारा जुना कॅमेरा घ्यायचा झाला की बहुतेक जण 'कोणत्या कंपनीचा घ्यावा?' असे विचारतात. गोव्यात राहणाऱ्याने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: हा कॅमेरा गेली वीस-पंचवीस वर्षे कोठे ठेवलेला होता? पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. तीच हवा कॅमेऱ्याच्या लेन्सलाही लागलेली असते. बुरशी धरलेला नामवंत कॅमेरा आणि स्वच्छ लेन्सचा साधा कॅमेरा यांत निवड करायची वेळ आली, तर साधाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सूचनाही त्याच मताला धरून आहेत.

एका शब्दाचा घोटाळा आधीच दूर केलेला बरा. 'फिक्स्ड लेन्स' म्हणताना विक्रेते तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. कधी लेन्स कॅमेऱ्यापासून काढता येत नाही एवढाच अर्थ असतो, कधी तिला झूम नाही असा, तर कधी फोकस कायमचा एकाच जागी बसवलेला आहे असा. या लेखातील कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नाही आणि तिला झूमही नाही. फोकसबाबत मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे, आणि किमतीतला बराचसा फरक त्यातूनच येतो.

पहिली पायरी: काय टिपायचे आहे ते ठरवावे

दिवसाउजेडी मिरामारच्या किनाऱ्यावर, फोंतेन्हासच्या गल्ल्यांत किंवा दिवाडीच्या फेरीबोटीवर फोटो काढायचे असतील, तर जवळजवळ कोणताही चालू स्थितीतला कॅमेरा पुरतो. घरातले फोटो हवे असतील, तर गणित बदलते. चवथीला गणपतीवर बांधलेली माटोळी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. खोलीत एक-दोन दिवे असतात, नारळ, सुपाऱ्या आणि रानफळे सावलीत लोंबत असतात, आणि फ्लॅश मारला की सगळी शोभा सपाट होते. अशा प्रकाशात ४०० आयएसओची फिल्म भरली (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश फिल्मला पुरतो) तरी एफ/२.८ च्या लेन्सला (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश लेन्स आत घेते) साधारण १/३० सेकंद लागतो, म्हणजे हात जेमतेम स्थिर राहतो. एफ/१.७ ची लेन्स याच्या अडीचपटीहून जास्त प्रकाश आत घेते. एफ/१० च्या आसपासचा साधा कॅमेरा मात्र फ्लॅशशिवाय येथे काहीच करू शकत नाही. शिगम्याच्या रात्रीच्या मिरवणुकीसाठी या वर्गातला कॅमेरा शोधूच नये.

दुसरी पायरी: आधी घरचे कपाट उघडावे

गोव्यात ही पायरी वगळणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आखातात नोकरीला गेलेले काका किंवा बोटीवर काम करणारे तारवटी सुट्टीवर येताना रेडिओ, घड्याळ आणि कॅमेरा घेऊन येत असत, आणि त्यातला कॅमेरा कित्येक घरांत अजून कपाटाच्या वरच्या खणात पडून आहे. याखेरीज याशिका एमएफ-२ आणि कोडॅक केबी-१० हे कॅमेरे एकेकाळी भारतभर घरोघरी होते. दोन्हींचा फोकस कायमचा बसवलेला आहे, म्हणून दोन मीटरांच्या पुढचे दृश्य पुरेसे स्पष्ट येते आणि जवळचा चेहरा मऊ पडतो. पण शिकायला, आणि आपल्याला फिल्मची गोडी खरोखर लागते का हे पाहायला, ते पुरेसे आहेत.

कपाटात सापडलेला प्रत्येक कॅमेरा ३५ मिलिमीटरचाच असेल असे नाही. आग्फा क्लिक-३ ला १२० क्रमांकाची रुंद फिल्म लागते, आणि हॉट शॉटच्या काही चपट्या कॅमेऱ्यांना ११० ची छोटी डबी लागते. १२० ची फिल्म अजून मिळते, पण ती धुऊन देणारे कमी आहेत. ११० च्या नादी नवशिक्याने लागू नये.

तिसरी पायरी: फोकसच्या पद्धतीवरून प्रकार निवडावा

ज्याला अंदाजाने अंतर ओळखता येते, त्याच्यासाठी ऑलिंपस ट्रिप ३५ हा माझ्या मते सर्वांत समजूतदार पर्याय आहे. हा कॅमेरा १९६७ साली बाजारात आला आणि १९८४ पर्यंत तयार होत राहिला. त्याला ४० मिलिमीटर एफ/२.८ ची लेन्स आहे आणि सेल लागतच नाही, कारण लेन्सभोवतीचे सेलेनियमचे कडे पडणाऱ्या प्रकाशातूनच प्रकाशमापकापुरती वीज तयार करते. डोके-खांदे, दोन माणसे, घोळका आणि डोंगर अशा चार चित्रांपैकी एक निवडले की फोकस झाला. शटरचे वेग १/४० आणि १/२०० असे दोनच आहेत. आपल्याकडील भर उन्हात ४०० आयएसओची फिल्म भरली, तर १/२०० वर एफ/२२ लागते, आणि ती या लेन्सची शेवटची मर्यादा आहे. पांढऱ्या वाळूवर प्रकाश याहूनही जास्त असतो. म्हणून किनाऱ्यावर ट्रिप वापरायचा असेल, तर २०० आयएसओची फिल्म भरावी.

खिशात मावणे हीच मुख्य गरज असेल, तर ऑलिंपस एक्सए-२ पाहावा. पुढचे सरकते झाकण लावले की तो बंद होतो आणि लेन्सही झाकली जाते, त्यामुळे वेगळे कव्हर लागत नाही. त्याचा मोठा भाऊ एक्सए हा १९७९ सालचा, योशिहिसा माइतानी यांनी आरेखित केलेला कॅमेरा आहे. त्यात दृश्यशोधकाच्या (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीच्या) मधोमध दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून नेमका फोकस करता येतो, आणि त्याच कारणाने तो महागही पडतो. याच दुहेरी प्रतिमेच्या पद्धतीचा कॅनन कॅनोनेट क्यूएल-१७ जी-३ आकाराने थोडा मोठा आहे, परंतु एफ/१.७ च्या लेन्समुळे माटोळीसारख्या विषयाला तोच उपयोगी पडतो.

स्वयंचलित फोकसचे प्लास्टिकचे कॅमेरे सर्वांत सोपे असतात, पण आतली मोटर किंवा विद्युतपट्टी गेली की दुरुस्ती जवळपास अशक्य असते. ऑलिंपस म्यू-२ किंवा कॉन्टॅक्स टी-२ यांच्या किमती मागणीमुळे इतक्या वाढल्या आहेत की स्वस्त कॅमेऱ्यांच्या चर्चेत त्यांना जागा नाही. नवीनच वस्तू हवी असेल, तर कोडॅकच्या नावाने विकला जाणारा एकटार एच-३५ हा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा ३६ च्या रोलवर ७२ फोटो देतो. त्याची लेन्स एफ/९.५ ची आणि शटर १/१०० चे एवढेच आहे, तेव्हा तो उन्हातला सोबती समजावा.

चौथी पायरी: हातात घेऊन तपासावे

येथे घाई करू नये. मोबाइलचा टॉर्च, कापसाची काडी आणि एखादा वाया गेलेला रोल एवढे साहित्य सोबत न्यावे.

सर्वप्रथम लेन्स पाहावी. मागचे दार उघडून, शटर 'बी' वर (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे ठेवणाऱ्या खुणेवर) उघडे धरून, मागून टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि समोरून थोडे तिरके पाहावे. ज्या कॅमेऱ्यात 'बी' नाही, त्यात समोरूनच टॉर्च तिरका धरावा. दोन-चार धुळीचे कण दिसले तर दुर्लक्ष करावे. त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. कडेपासून आत पसरणारे, कोळिष्टकासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी आहे, आणि सगळी काच दुधाळ दिसत असेल तर ते धुके आहे. बुरशी काचेवरील लेप खाऊ लागली असेल, तर साफ केल्यावरही डाग राहतो. असा कॅमेरा फुकट मिळाला तरच घ्यावा, आणि तोही घरातल्या इतर कॅमेऱ्यांपासून दूर ठेवावा.

हा उपदेश मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. माझा एक चांगला कॅमेरा मी त्याच्या मूळ चामडी कव्हरात घालून मृगाच्या सुमारास कपाटात ठेवला आणि चवथीच्या आदल्या दिवशी बाहेर काढला. कव्हराला आतून कुबट वास येत होता आणि लेन्सच्या कडेला नखाएवढे जाळे पसरलेले होते. चामडे ओल धरून ठेवते; म्हणून कॅमेऱ्यासोबत कव्हर मिळाले तर ते शोभेपुरते बाजूला ठेवावे आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. रंगीत जेलचे खडे ओल शोषली की रंग बदलतात. ते बदलले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

त्यानंतर मागच्या दाराच्या खाचेत नख फिरवावे. प्रकाश आत येऊ नये म्हणून तेथे बसवलेला काळा फोम जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो आणि नखाला लागून येतो. यासाठी कॅमेरा नाकारू नये, किंमत मात्र जरूर कमी करून घ्यावी, कारण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी खाच साफ करून त्यात नवा फोम किंवा काळी लोकर बसवणे हे एका संध्याकाळचे घरगुती काम आहे.

ट्रिप ३५ असेल, तर लेन्सभोवतीचे एफच्या आकड्यांचे फिरते कडे 'ए' (म्हणजे स्वयंचलित) वर ठेवून, सेलेनियमचे कडे तळहाताने पूर्ण झाकून बटण दाबावे. दृश्यशोधकात लाल पट्टी वर आली पाहिजे आणि शटर उडता कामा नये. मग कॅमेरा उजेडाकडे वळवून पुन्हा दाबावे. आता शटर उडाले पाहिजे. झाकलेले असतानाही शटर उडत असेल, तर प्रकाशमापकाची यंत्रणा बिघडली आहे. उजेडातही लाल पट्टी येत असेल, तर सेलेनियम निकामी झाले असण्याची शक्यता मोठी आहे. विक्रेता 'ऊन कमी आहे' असे म्हणाला, तर त्याला घेऊन अंगणात जावे.

शेवटी वाया गेलेला रोल भरून दोन-तीन चौकटी पुढे सरकवाव्यात. लिव्हर फिरवताना डाव्या बाजूची रिवाइंडची कळ उलट फिरली, तर फिल्म खरोखर सरकत आहे. सेलच्या खणात हिरवट किंवा पांढरा क्षार असेल, तर तो व्हिनेगर लावलेल्या काडीने निघतो. मात्र आतली तार खाल्ली गेली असेल तर व्हिनेगरचा उपयोग नाही. किनाऱ्याजवळच्या घरांतून आलेल्या कॅमेऱ्यांत हा दोष मी वारंवार पाहिला आहे.

पाचवी पायरी: सेल मिळतो का ते पाहावे

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल, तर प्रश्नच नाही. एक्सए आणि एक्सए-२ यांना घड्याळाच्या दुकानात मिळणारे दोन एसआर-४४ पुरतात. कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यांची अडचण वेगळी आहे: त्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे, आणि पाऱ्याचे सेल पर्यावरणाच्या कारणाने बंद झाले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर माप चुकते. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, तो चालतो. आकाराने लहान असल्यामुळे त्याच्याभोवती रबराची कडी बसवावी लागते, आणि त्याच्यावरची चिकटपट्टी एकदा काढली की तो काही आठवड्यांत संपतो.

सहावी पायरी: किंमत पूर्ण खर्चावरून ठरवावी

रोल, धुलाई, स्कॅन आणि जवळ सोय नसल्यास बाहेरगावी पाठवण्याचे कुरिअर, हा एका रोलमागचा खर्च आधी कागदावर मांडावा. पहिल्या कॅमेऱ्याची किंमत अशा पाच रोलांच्या खर्चाहून जास्त नसावी, हा माझा ठोकताळा आहे. पर्यटकांच्या बाजारात, मग तो हणजूणचा बुधवारचा बाजार का असेना, जुन्या कॅमेऱ्याला शोभेच्या वस्तूची किंमत लावलेली असू शकते. तेथे तपासू दिले तरच बोलणी करावीत. दूरवरून मागवताना 'तपासलेला आहे' या शब्दांवर न जाता लेन्सचे टॉर्च लावून काढलेले फोटो, त्या कॅमेऱ्यावर काढलेल्या रोलचे नमुने आणि परत करण्याची मुदत, तिन्ही लेखी मागावीत.

सातवी पायरी: पहिला रोल परीक्षेसाठी ठेवावा

परत करण्याच्या मुदतीतच २४ चा एक स्वस्त रंगीत रोल भरावा आणि प्रत्येक चौकटीची वहीत नोंद करावी. काही फोटो भर उन्हात, काही पडवीच्या सावलीत, काही एक मीटरवरून आणि काही क्षितिजाचे असे काढावेत. एकदा कॅमेरा अर्धा तास उन्हात टेबलावर ठेवून मग पुढची चौकट घ्यावी; प्रकाश गळत असेल तर तो याच चौकटीत दिसतो.

रोल धुऊन आल्यावर नुसते स्कॅन पाहू नयेत, निगेटिव्ह मागून घ्यावी आणि खिडकीशी धरावी. सगळ्या चौकटी फिक्या असतील, तर फिल्मला प्रकाश कमी मिळाला आहे. सगळ्या फार गडद असतील, तर जास्त. चौकटींमधील अंतर कमी-जास्त असेल किंवा दोन चौकटी एकमेकींवर चढल्या असतील, तर फिल्म सरकवणारी यंत्रणा झिजलेली आहे, आणि तो कॅमेरा परत पाठवावा. प्रिंटमध्ये नारिंगी पट्टे दिसत असतील, तर निगेटिव्हवर त्याच जागी काळपट पट्टे असतात. ते चौकटीबाहेर फिल्मच्या छिद्रांपर्यंत गेले असतील, तर दोष दाराच्या फोमचा आहे, आणि त्यासाठी कॅमेरा परत करण्याची गरज नाही.