मेंढी लागल्यावर पहिले तीन आठवडे खाणं कसं ठेवायचं

आमच्या हातकणंगले भागात नर सोडायच्या आधी मेंढ्यांना भरडा चालू करतात ते बरोबरच हाय, पण मेंढी लागली, म्हणजे नरानं भरली, की दुसऱ्याच दिवशी भरडा बंद, आणि 17 दिवसांनी ती परत माजावर आली की नराला नावं ठेवायची. आमच्या घरात पण दोन वर्षं हेच केलं म्हणून कळकळीनं लिहितोय.

आत काय चाललंय ते आधी बघा. साधारण 11 दिवसांपर्यंत गर्भ पिशवीत नुसता तरंगत असतो, बारीक गोळा, कुठं चिकटलेला नसतो. मग तो लांबायला लागतो, 16व्या दिवसापर्यंत जवळजवळ वीतभर, पांढऱ्या दोऱ्यासारखा. लांबताना तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडतो, म्हणजे आईच्या अंगाला निरोप देतो की मी आलोय. हा निरोप 12-13व्या दिवसाला पोचला तरच प्रोस्टाग्लँडिनचे (अंडाशयावरचा पिवळा गोळा विरघळवणाऱ्या संप्रेरकाचे) झटके थांबतात आणि तो पिवळा गोळा टिकून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, बनवत राहतो. गर्भ बारका राहिला तर निरोप कमी पडतो, मेंढी उलटते, म्हणजे परत माजावर येते.

आणि या दिवसांत गर्भ जगतो कशावर, तर गर्भाशयाच्या ग्रंथी जे पाझरतात त्यावर. त्यातलं आर्जिनिन (प्रोटीनचा एक घटक) मिळालं की पेशीतली एमटॉर नावाची वाढीचा हुकूम देणारी साखळी चालू होते, प्रोटीन बनतं, दोरा लांबतो. म्हणून आईची उपासमार थेट तिथं पोचते. पण उलटं पण खरं हाय, या दिवसांत धान्य कोंबलं की लिव्हरमधून रक्त जास्त फिरतं आणि प्रोजेस्टेरॉन लवकर निघून जातं.

मग करायचं काय? नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधी मेंढीच्या शेवटच्या बरगडीमागं कण्यावर बोटं दाबून बघा. हाडं टोचतात ती मेंढी रोडकी, तिला रोज 200-300 ग्रॅम मक्याचा भरडा हळूहळू वाढवत द्या. हाडं गोल लागतात, दाबल्यावरच कळतात, ती बरोबर, तिला जास्त नको. लोकरीवरून अंदाज करू नका, लोकर फसवते.

नराच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा, कुठली मेंढी कधी लागली ते पाठीमागच्या रंगावरून कळतं, 16 दिवसांनी रंग बदला. नवा रंग दिसला की ती उलटली.

लागल्यावर तीन आठवडे खाणं आहे तसंच. कमी करायचं तर नंतर, तेही हळूहळू. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर एकदम सोडू नका, नुसत्या उसाच्या वाड्यावर पण ठेवू नका, युरियाचा चारा तर नकोच. टेम्पोतून नेणं, कातरणं, कुत्र्यानं पळवणं टाळा. आणि जंताचं औषध नर सोडायच्या आधीच पाजून घ्या, अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यात गाभण मेंढीला द्यायचं नाही, डॉक्टरला विचारून दुसरं घ्या.