एमएसमागे व्हायरस आहे का, हे तपासायचं कसं

माझ्या मावसबहिणीला एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं (आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) निदान झालं तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, हे आलं कुठून? कुणीतरी म्हणालं व्हायरसमुळे होतं म्हणे. मग मी वाचत बसले, आणि अशी बातमी पारखायची कशी ते हळूहळू कळलं.

पहिलं बघा, आधी काय झालं, लागण की आजार. एमएसच्या पेशंटच्या रक्तात एपस्टाइन-बार, म्हणजे ईबीव्हीच्या अँटीबॉडीज सापडल्या एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस असतोच, लाळेतून पसरतो, बऱ्याचदा लहानपणीच होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. म्हणजे आजाराच्या आधीचं रक्त पाहिजे, आणि ते मिळणार कुठून? अमेरिकन सैन्याकडे होतं! एचआयव्ही टेस्टसाठी सैनिकांचं रक्त ठराविक काळाने घ्यायचे, उरलेलं सीरम गोठवून ठेवलेलं. हार्वर्डच्या अल्बर्टो अॅशेरिओंच्या टीमने एमएस झालेल्या ८०१ जणांचे सॅम्पल काढले. पहिल्या सॅम्पलमध्ये त्यातले फक्त ३५ जण ईबीव्ही निगेटिव्ह, आणि त्या ३५ मधल्या ३४ जणांना एमएस सुरू व्हायच्या आधी लागण झालेली. लागणीनंतर धोका ३२ पट. २०२२ मध्ये हे छापून आलं, ते आकडे वाचून मी खरंच हादरले.

मग दुसरा एखादा व्हायरस घेऊन तोच हिशोब केलाय का ते बघा. त्यांनी केला होता, सायटोमेगॅलोव्हायरसही लाळेतूनच पसरतो पण त्याने धोका वाढला नाही. म्हणजे कुठलंही इन्फेक्शन नाही, हेच.

उलटी शंका पण घ्या, एमएस आतल्या आत आधीच सुरू असेल आणि त्यामुळे लागण झाली असेल तर? म्हणून त्यांनी नसांना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रोटीन मोजलं. ते लागणीच्या आधी वाढलेलं नव्हतं, नंतर वाढलं.

हे घडतं कसं, त्याचा एक धागा स्टॅनफर्डच्या टीमला मिळाला, व्हायरसच्या एका प्रोटीनचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रोटीनसारखा दिसतो, त्यामुळे काही पेशंटच्या अँटीबॉडीज दोन्हीला चिकटतात.

आता एक विनंती, हे वाचून लॅबमध्ये ईबीव्ही टेस्ट करायला धावू नका. बहिणीलाही मी तेच सांगितलं. रिपोर्ट बहुतेक पॉझिटिव्हच येईल, शेजारणीचाही येईल, आणि तिला एमएस नाहीये.