राउटरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दुरुस्ती करताय? या चुका टाळा

माझ्या कामाचा एक भाग असा आहे की लोकांनी राउटरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये केलेल्या दुरुस्त्या तपासायच्या. कौतुकाचं काम नाही. नीट केलं तर कुणाला कळत नाही आणि एक ओळ सुटली तर रात्री दोनला फोन येतो. आमच्याकडे मुख्यतः एफआरआर वापरतात, म्हणजे फ्री रेंज राउटिंग, साध्या लिनक्स मशीनला बीजीपी, ओएसपीएफ वगैरे (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषा) बोलणारा राउटर बनवणारं सॉफ्टवेअर. आधी झेब्रा होतं, त्यातून क्वागा निघालं आणि २०१७ मध्ये क्वागातून एफआरआर वेगळं झालं. (क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचाच एक प्रकार, कधीच नामशेष झालेला. नाव ठेवणाऱ्याला भविष्य दिसलं असावं.)

त्याच त्याच चुका बघून कंटाळा आलाय म्हणून लिहून टाकतोय. ज्याला लागू होईल त्यानं घ्यावं, राग मानू नये.

फाइंड-रिप्लेस मारलं म्हणजे अपडेट झालं, असं नसतं

क्वागाचं जुनं डॉक्युमेंट घ्यायचं, "क्वागा" शोधून "एफआरआर" टाकायचं, वरची तारीख बदलायची, झालं अपडेट. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता उघडल्या उघडल्या वास येतो. एकदा तर छोट्या क्यूवालं क्वागा बदललं गेलं आणि कॅपिटल क्यूवालं तसंच राहिलं, त्यामुळे एफआरआरच्या फोल्डरमध्ये क्वागाच्या नावाची कॉन्फिग फाइल उघडायला सांगणारी ओळ तयार झाली, जी फाइल जगात कुठेच नाही, आणि नवीन पोरगा ती अर्धा तास शोधत बसला. दुसऱ्या एका महाशयांनी "झेब्रा" हे जुनं नाव आहे असं समजून ते असलेल्या सगळ्या ओळी उडवल्या. अरे बाबा, झेब्रा नावाचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आजही आहे. बीजीपीडीनं, म्हणजे बीजीपीच्या डेमननं, निवडलेले रूट (रस्ते) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, टाकायचं काम तोच करतो. त्याच्या ट्रबलशूटिंगचं पानच उडालं तर बीजीपीमध्ये रूट दिसतोय पण पॅकेट जात नाहीये अशा वेळी माणसानं बघायचं कुठे?

पण हे किरकोळ. खरी भानगड ही की नाव बदलत नाही, वागणं बदलतं. आणि वागणं बदललंय हे फाइंड-रिप्लेसला कळत नाही.

ती स्टेप ७

ही गोष्ट मी ऑफिसमध्ये एवढ्यांदा सांगितलीय की पोरं आता "सर, स्टेप सात ना?" म्हणून हसतात. तरी सांगतो.

आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक कागदांची मालिका) ८२१२ म्हणून एक कागद २०१७ मध्ये आला. त्याचा मुद्दा साधा आहे: दुसऱ्या एएसशी (स्वतःचा नंबर असलेलं स्वतंत्र नेटवर्क) बीजीपी जोडणी करताना तुम्ही काय घ्यायचं आणि काय द्यायचं याची पॉलिसी लावली नसेल तर राउटरनं काहीच घेऊ नये, काहीच देऊ नये. एफआरआरनं ७.४ पासून हे डिफॉल्ट केलं. क्वागाच्या काळात शेजारी राउटर जोडला की रूट वाहायला लागायचे, आता सेशन (जोडणी) वर येतं पण रूट शून्य. समरीमध्ये प्रीफिक्सच्या (पत्त्यांच्या गटांच्या) आकड्याच्या जागी कंसात "पॉलिसी" एवढाच शब्द दिसतो. ज्याला माहीत आहे त्याला तो शब्द पुरतो. ज्याला माहीत नाही तो त्याकडे बघतही नाही.

मी तेव्हा एका छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरकडे होतो, नाव सांगत नाही. जुनं क्वागावालं मशीन काढून नवीन बॉक्सवर एफआरआर टाकायचं होतं, रात्री एक ते चारची वेळ घेतलेली. डॉक्युमेंट आमचंच, वर सांगितलेल्या पद्धतीनं "अपडेट" केलेलं. दोन वाजता फोन. "सर, सेशन एस्टॅब्लिश्ड आहे पण रूट येत नाहीयेत." मी म्हटलं थांब, लॅपटॉप उघडतो. उघडेपर्यंत दुसरा फोन, "सर, झालं!" हे "सर, झालं" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, पण दोन वाजले होते, मीही विचारलं नाही काय झालं, झोपलो. चूक माझीही आहे.

त्यानं काय केलं तर नेटवर शोधलं, पहिल्या उत्तरात एक ओळ मिळाली, "नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी", ती पेस्ट केली आणि रूट धो धो आले. पुढे पोरगं प्रामाणिक, सकाळी डॉक्युमेंटमध्ये स्टेप ७ म्हणून ती ओळ घातली, खाली लिहिलं "ही ओळ विसरू नये, नाहीतर रूट येत नाहीत". मी रिव्ह्यूमध्ये पास केली. बदल एका ओळीचा होता ना, एका ओळीच्या बदलाकडे कोण बघतंय.

तीनेक महिन्यांनी एक ग्राहक आला, स्वतःचा एएस नंबर असलेला, आमच्याकडून एक लिंक आणि दुसऱ्या प्रोव्हायडरकडून एक. त्याच्याकडेही एफआरआरच. त्यानं विचारलं, साहेब कॉन्फिग कसं करायचं, तर आम्ही मोठ्या मनानं आमचंच डॉक्युमेंट मेल केलं. स्टेप ७ सकट. म्हणजे आता तारेच्या दोन्ही टोकांना दार काढून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तक्रारी सुरू. काही साइट मस्त चालतात, काही उघडतच नाहीत. लिंक तपासल्या, ऑप्टिकल पॉवर तपासली, डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) शिव्या घातल्या. शेवटी ट्रेसराउटमध्ये (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) तिसऱ्या हॉपला, म्हणजे टप्प्याला, त्या ग्राहकाचा आयपी दिसला. आमचं ट्रॅफिक आमच्याच ग्राहकाच्या १०० एमबीच्या लिंकमधून बाहेर चाललं होतं! त्याचा राउटर दुसऱ्या प्रोव्हायडरकडून शिकलेले रूट आम्हाला देत होता, आम्ही ते निमूटपणे घेत होतो, आणि त्या प्रोव्हायडरच्या नेटवर्कपर्यंत आमच्या नेहमीच्या रस्त्यानं तीन एएस लागत होते तर ग्राहकामार्गे दोनच. बीजीपीनं छोटा रस्ता धरला, त्याची काही चूक नाही, त्याला बिचाऱ्याला लिंक किती एमबीची आहे ते कुठे कळतं. उलट्या बाजूनं वाचलो कारण त्या दुसऱ्या प्रोव्हायडरनं प्रीफिक्स फिल्टर लावला होता. लोक शहाणे होते, आम्ही नव्हतो.

मग मी स्टेप ७ काढली आणि तिच्या जागी अडीच पानं लिहिली: प्रत्येक शेजाऱ्याला आत एक आणि बाहेर एक असा रूट-मॅप (काय घ्यायचं, काय द्यायचं त्याचे नियम), त्याच्या पोटात प्रीफिक्स-लिस्ट, ग्राहकाकडून फक्त त्याचेच प्रीफिक्स, वर मॅक्सिमम-प्रीफिक्सची मर्यादा. पोरांची तक्रार आली की सर खूप लांब झालं. झालं तर झालं. आणि तिथे "सगळं पर्मिट" असा रिकामा रूट-मॅप लावून सुटका करून घेणारेही आहेत, तो म्हणजे इस्त्री केलेली स्टेप ७ आहे, मी रिव्ह्यूमध्ये दिसला की परत पाठवतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. दुरुस्तीत "ही ओळ टाकली की चालतं" असं लिहून आलं की मी एकच विचारतो, ती ओळ काय बंद करते? उत्तर नसेल तर दुरुस्ती परत. घाई असलेल्या नवीन मुलांना मी खडूस वाटतो, वाटू दे.

उदाहरणात हाताला येईल तो आयपी टाकणं

"उदाहरणच तर आहे" हे वाक्य मला ऐकवू नका. डॉक्युमेंटमधलं उदाहरण कुणीतरी जसंच्या तसं खऱ्या राउटरवर पेस्ट करणार, हे धरूनच चालायचं.

१.१.१.१ चंच बघा. टाइप करायला सोपा, म्हणून वर्षानुवर्षं मॅन्युअलमध्ये, ट्रेनिंगमध्ये, लॅबमध्ये लोक तो वापरत आले. सिस्कोच्या वायरलेस कंट्रोलरच्या उदाहरणांमध्ये व्हर्च्युअल इंटरफेसला हाच पत्ता असायचा, आणि जगभरच्या हॉटेलांच्या आणि ऑफिसांच्या वायफायमध्ये तो तसाच उतरला. लॉगिनचं पान उघडायचं ते १.१.१.१ वर. २०१० मध्ये तो पत्त्यांचा पट्टा एपीनिककडे (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणारी संस्था) आला आणि १.१.१.० चा ब्लॉक इंटरनेटवर जाहीर करून पाहिला, तर एवढं फालतू ट्रॅफिक येऊन आदळलं की लिंक तुंबली. मग १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरनं त्या पत्त्यावर डीएनएस सेवा सुरू केली, आणि कित्येकांना ती मिळेचना, कारण त्यांच्याच राउटरला किंवा वायफायला वाटत होतं की १.१.१.१ म्हणजे मीच. पुढे सिस्कोनंही १९२.०.२.१ वापरा असं सांगायला सुरुवात केली.

तो १९२.०.२.१ कुठून आला? आरएफसी ५७३७ मधून. खास डॉक्युमेंटेशनसाठी राखलेले तीन ब्लॉक आहेत: १९२.०.२.०, १९८.५१.१००.० आणि २०३.०.११३.०, तिन्ही /२४ (म्हणजे प्रत्येकी २५६ पत्ते). आयपीव्ही६ साठी २००१:डीबी८ ने सुरू होणारा /३२. एएस नंबरही राखीव आहेत, ६४४९६ ते ६४५११. मी हे एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंय, चिठ्ठीचा रंग उडाला पण अजून तीच बघतो. एएस नंबरचं तर लोकांना माहीतच नसतं, स्वतःच्या कंपनीचा खरा नंबर उदाहरणात ठोकून देतात, आणि मग कुठल्या तरी कॉलेजच्या लॅबमध्ये तुमचा एएस नंबर लावून एक राउटर उभा राहतो.

यातच एक उपचूक. दुरुस्ती करणाऱ्यानं वरच्या आकृतीतले पत्ते बदलले आणि खालच्या आउटपुटमधले तसेच ठेवले. वाचणारा दोन्ही जुळवत बसतो, वैतागतो, शेवटी स्वतःलाच मूर्ख समजतो. पत्ते बदलायचे तर लॅबमध्ये तेच पत्ते लावा, कमांड चालवा, आउटपुट तिथून उचला. आउटपुट हातानं "सुधारणारे" लोक आहेत, मला ते लगेच कळतात, त्यांच्या कॉलमच्या रेषा जुळत नाहीत.

जुन्या बॉक्सवर तपासणं

"सर, मी टेस्ट केलंय." कुठे केलंस? "माझ्याच मशीनवर." तेच तर. एफआरआरच्या कॉन्फिगमध्ये वर "एफआरआर व्हर्जन" अशी एक ओळ असते, ती सजावटीसाठी नसते. तिथे ७.४ च्या आधीचा आकडा असेल तर सॉफ्टवेअर नवीन असलं तरी डिफॉल्ट जुने धरले जातात. म्हणजे तीच कॉन्फिग तुझ्या जुन्या बॉक्सवर विनापॉलिसी रूट घेणार आणि वाचणाऱ्याच्या कोऱ्या बॉक्सवर नाही. आणि डॉक्युमेंटमध्ये चिकटवताना ही वरची ओळ कचरा म्हणून सगळ्यात आधी कापतात! मी प्रत्येक वेळी कोरा कंटेनर (मशीनच्या आत वेगळं, छोटं लिनक्स) उभा करतो, त्यात पहिल्या ओळीपासून डॉक्युमेंट जसंच्या तसं पेस्ट करतो, अक्षरसुद्धा हातानं टाइप करत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. असं केलं की डेमन्सच्या फाइलमध्ये बीजीपीडी "नो" चं "येस" करायचं लिहायला आपण विसरलोय हेही तिथेच कळतं, कारण राउटर बीजीपीला ओळखच देत नाही.

बाकीच्या चुका, पटापट:

"सॉफ्ट" शब्द गाळू नका. "क्लिअर बीजीपी स्टार" आणि "क्लिअर बीजीपी स्टार सॉफ्ट" यात एका शब्दाचा फरक आहे, पहिल्यात सगळी सेशनं पडतात. वाक्य आटोपशीर करायच्या नादात एकानं तो शब्द उडवला होता. इतकं आटोपशीर नको.

कमांड वर्डमध्ये लिहू नका. तो दोन हायफनचा एक लांब डॅश करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

कमांडचा स्क्रीनशॉट टाकणाऱ्याला त्यातूनच कमांड कॉपी करायला लावावी.

शेवटी "राइट मेमरी" लिहा. सगळं बरोबर केलेला माणूस रीबूटनंतर रडतो.

"फक्त", "सोपं आहे", "सहज" हे शब्द काढा. सोपं असतं तर तो तुमचं पान वाचत नसता.

कुठल्या व्हर्जनवर तपासलं ते वर लिहा, "लेटेस्ट" लिहू नका. लेटेस्ट म्हणजे कधीचं?

जुनी पद्धत चुकीची ठरली तर नुसती पुसू नका. पुसली की ती लक्षात असलेला कुणीतरी "इथे एक स्टेप राहिलीय" म्हणून परत आणून घालतो, आमच्याकडे स्टेप ७ दोनदा परत आली. आता मी तिथे ठळक लिहून ठेवलंय की ही ओळ आधी होती, मुद्दाम काढली आहे आणि का काढली.

आणि पीडीएफ. मूळ पान सुधारता येतं, वाटलेली पीडीएफ सुधारता येत नाही. शक्यतो लिंक द्या, आणि पीडीएफ काढायचीच असेल तर प्रत्येक पानावर तारीख छापा. मागच्या महिन्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "बीजीपी सेटअप फायनल फायनल" नावाची पीडीएफ टाकली. फॉन्ट ओळखीचा वाटला म्हणून उघडली, तर आमचीच. स्टेप ७ जागेवर, खाली तेच "ही ओळ विसरू नये". मी उत्तर टाइप करायला घेतलं, तोवर खाली तिघांनी अंगठा दिला होता आणि एकानं लिहिलं होतं, "झालं भाऊ, रूट आले."